चिनू डोकं आपटतो तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

चिनू स्वतःला मारायला लागला की तुमचा जीव कासावीस होतो. पण तो हट्टी नाही, की लाडाने बिघडलेलाही नाही. बोलता न येणारं मूल असं करतं तेव्हा बहुधा त्यातून काही साधत असतं: कुणी धावत येतं, हवी ती वस्तू मिळते, नको ते काम टळतं. कधी ती संवेदनाच हवी असते. नेमकं काय, हे तपासायची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडली.

त्याआधी दुखणं बघायचं. मार एकाएकी वाढला, तर कान, दात, पोट साफ होणं, झोप हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मग वही. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. ‘चिडला’ एवढंच लिहून उपयोग नाही. ‘९.१०, ब्रश पुढे केला. कपाळावर पाच बुक्क्या. ब्रश बाजूला ठेवला’ असं हवं. अशा नोंदी पुन्हापुन्हा आल्या, तर काम टाळणं हे कारण असावं.

तसं असेल तर त्याला ‘थांब’चं कार्ड शिकवायचं. ब्रश दाखवा आणि मूठ उठायच्या आत त्याचा हात अलगद कार्डावर ठेवा. लगेच ब्रश दूर, अर्धा मिनिट सुट्टी, मग पुन्हा ब्रश. सुरुवातीला प्रत्येक वेळी सुट्टी मिळालीच पाहिजे, कारण कार्ड बुक्कीपेक्षा सोपं आणि लवकर फळणारं असलं तरच तो ते वापरेल. ते जमलं की आधी एकदा घासणं, मग सुट्टी, पुढे दोनदा.

बुक्की मारल्यावर मात्र सुट्टी नाही. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मार आधी वाढू शकतो, आणि बहुतेक घरं इथेच हरतात. आई, तेव्हा तुला दया येऊन तू ब्रश ठेवलास, तर जोरात मारलं की सुटका होते, एवढंच तो शिकेल. बाबा, रागावूही नका. रागावणंही काही मुलांना लक्ष दिल्यासारखंच वाटतं. दुर्लक्ष करायचं ते मारण्याकडे, इजेकडे नाही. न बोलता डोकं आणि भिंतीमध्ये उशी धरा. मार वाढतोय किंवा आवरत नाही असं दिसलं, तर तिथेच थांबून थेरपिस्टला फोन करा. हात बांधू नका. हेल्मेटही त्यांना विचारूनच.

डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा झटका आला, तर थेट हॉस्पिटल. डोळ्यात बोटं खुपसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, पडदा सरकू शकतो.

तुमची,
ताई