मशीन कशाची वाट बघालंय, हे आधी विचारणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं घालत नाही. घातलं तर तालुक्यातले निम्मे बिघडलेले कॉम्प्युटर तुमच्या दारात येऊन उभे राहतील, आणि टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या माणसाला पुन्हा ड्युटी लागेल. पण आभार तरी चार लोकांसमोर मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

खानापुरात कचेरीजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवणं म्हणजे काय, ते तुम्ही बघितलंयच. कुणाला उताऱ्याची प्रिंट, कुणाला कन्नडमधला अर्ज, कुणाला मराठीत वाटणीपत्राचा कच्चा मसुदा. कणकुंबी-जांबोटीकडची मंडळी एक कान बसच्या हॉर्नकडे ठेवून उभी असतात. त्यात आमचा पाऊस, आणि पावसात जाणारी लाईट. लाईट आली की आमचं जुनं कोअर टू ड्युओ प्रोसेसरचं मशीन, डेबियन १० ही लिनक्स सिस्टिम घातलेलं, काळा पडदा लावून बसायचं. पासवर्डची खिडकी काही यायचं नाव घ्यायची नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी पडद्याकडे.

दुरुस्तीवाल्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली डिस्क, बसवली. त्यावर मशीन जास्तच रेंगाळायला लागलं! मग तो मदरबोर्ड बदला म्हणाला. मी पैशांची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तुम्ही पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला आलात आणि म्हणालात, "थांब की गे, ते कशाची वाट बघालंय ते तरी बघू."

पहिल्यांदा तुम्ही ग्रबच्या, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या, मेन्यूत जाऊन 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द खोडलेत. एवढ्यानं काळ्या पडद्यामागचं सगळं दिसायला लागलं. अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीपाशी अडल्या. तिच्या डाव्या टोकाला लाल चांदण्या इकडून तिकडे पळत होत्या आणि उजवीकडे सेकंद मोजले जात होते, दीड मिनिटाच्या मर्यादेपर्यंत. मशीन चालू होताना बाकीचे प्रोग्राम सुरू करणारं सिस्टिमडी एखाद्या डिस्कची डिफॉल्ट ९० सेकंद वाट बघतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. आणि डिस्क कुठली, तर काढून नेलेली! जुन्या डिस्कवरच्या स्वॅपची, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या जागेची, नोंद एफएसटॅब या डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये तशीच राहिली होती. तुम्ही त्या ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाकलंत, म्हणजे मशीन ती ओळ सोडून देतं. एका चिन्हाचं काम, अण्णा.

खरी गंमत पुढे. लाल चांदण्या गेल्या, सुरू व्हायची वेळ मोजणारी सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ कमांड म्हणायला लागली की सगळं वेळेत सुरू झालंय, आणि पडदा तरी काळाच. दुसरा कुणी असता तर इथं हात झटकून उठला असता. तुम्ही मात्र माझ्या पुतण्याला विचारलंत, तू काय करतोस रे असं झालं की? तो म्हणाला, मी माउस गरागरा फिरवतो, मग येतंय. आम्ही सगळे हसलो. तुम्ही हसला नाहीत. मशीन पुन्हा चालू केलंत, माउस त्याच्या हातात दिलात, आणि खिडकी लगेच आली. मग परत चालू करून आम्हाला हात बांधून बसायला लावलंत. काळा पडदा. पोराची छाती केवढी फुगली होती ते आठवतंय ना?

डीमेसेज, म्हणजे कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) नोंदवही, काढून तुम्ही एका ओळीवर बोट ठेवलंत: सीआरएनजी इनिट डन, म्हणजे अंदाज न लागणाऱ्या आकड्यांची सोय तयार झाली. तिच्यापुढे दीडशेच्या आसपास सेकंद पडले होते. लॉगिनच्या प्रोग्रामला गुप्त किल्ली बनवायला अंदाज लागू नये असे आकडे लागतात. कर्नल ते कीबोर्ड, माउस, डिस्क यांच्या हालचालींच्या वेळांतून गोळा करतो, आणि पुरेसे जमेपर्यंत मागणाऱ्याला थांबवून ठेवतो. देवळात प्रसादाला माणसं जमेपर्यंत आरती थांबवतात तसं, असं तुम्ही म्हणालात. फिरत्या डिस्कच्या वेळांतून थोडी भर पडायची, एसएसडीने तीही बंद केली. इंटेलने आपल्या प्रोसेसरमध्ये असे आकडे देणारी सोय २०१२ पासून घातली, आमचं कोअर टू ड्युओ त्याच्या आधीचं. आणि डेबियन १० चा ४.१९ कर्नल या बाबतीत भलताच शिस्तीचा. म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या नव्या भागानेच मशीन मंद झालं होतं, आणि पुतण्याचा माउस खरोखरच औषध होता.

तुम्ही असे आकडे पुरवणारं हॅवेज्ड नावाचं छोटं पॅकेज घातलंत आणि दुखणं गेलं. मदरबोर्डचे पैसे वाचले, त्यातून मी यूपीएस घेतला. तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत, वर झेरॉक्सचे पैसे मोजून टेबलावर ठेवून गेलात. त्याबद्दल मात्र माझा राग अजून आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ कर्नलपासून आकडे जमले नाहीत तर कर्नल स्वतःच ते तयार करतो, हेही तुम्हीच कागदावर लिहून ठेवलं होतंत. तो कागद प्रिंटरच्या मागे चिकटवलेला आहे. आता डेबियन १२ घातलंय, हॅवेज्ड काढून टाकलं, खिडकी वेळेवर येते. मागे नंदगडच्या एका मास्तरांनी मशीनचं नाव बदललं, पण मशीनच्या नावांच्या होस्ट्स फाइलमध्ये जुनंच राहिलं, आणि जादा अधिकारानं कमांड चालवायला सुडो दिलं की कमांड अडून बसायची. तुमच्यासारखंच, पहिल्यांदा ते काय म्हणालंय ते वाचलं आणि फाइलमध्ये नवं नाव घातलं. मीही पैसे घेतले नाहीत, पण झेरॉक्सचे घेतले.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरात याल तेव्हा जेवायलाच या, वहिनींनाही घेऊन. पुतण्याला तुम्हाला नवीन काहीतरी दाखवायचं आहे. वायफायचं आहे म्हणे, मला काही कळलं नाही.

आपली,
कचेरीजवळची झेरॉक्सवाली