गळ्यातलं ओळखपत्र

बार्शी, २८ ऑगस्ट २०२४

चि. मानसी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पुण्यातल्या शास्त्री रस्त्यावरच्या विद्यार्थी आंदोलनाचे ४३ फोटो काल दुकान बंद केल्यावर मोठे करून पाहिले. पहाटेचा तो फोटो फार आवडला. रात्रभर बसलेली पोरं रस्त्यावरच आडवी झालीत, एकाच्या डोक्याखाली उशीसारखं जाडजूड पुस्तक आणि मागे पोलिसाची काठी भिंतीला टेकवलेली. तिथे तू घाई केली नाहीस. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हिला आता शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही."

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच फोटोमुळे. घोषणा देणारी ती मुलगी, मूठ वर, गळ्याची शीर ताणलेली. तिच्या गळ्यात अभ्यासिकेचं ओळखपत्र आहे. तीस वर्षं निगेटिव्हवर रिटचिंगची पेन्सिल चालवल्यामुळे माझी नजर चेहऱ्याआधी अशा जागी जाते. मोठं करून बघ, नाव-आडनाव स्वच्छ वाचता येतं.

तू म्हणशील, ती उघड्या रस्त्यावर उतरली होती, लपून नव्हती. खरंच आहे. २५ तारखेला राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, मुलं ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे आयोगाने तारीख पुढे ढकलली. त्या मुलीने लाजावं असं काही केलेलं नाही. पण ती ज्या नोकरीसाठी गाव सोडून खोलीत राहतेय, त्या नोकरीत रुजू होताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. उद्या कुणाला गुन्हा नोंदवावासा वाटला तर जमावातला चेहरा ओळखावा लागेल. तुझ्या फोटोत चेहऱ्याखाली नावच लिहिलंय. आणि ती तिथे होती हे तिच्या घरी माहीत आहे का, हेही आपल्याला ठाऊक नाही.

दिवाळीत तू मला अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठातला फोटो दाखवला होतास. ४ मे १९७०. अमेरिकेने कंबोडियात सैन्य घुसवलं म्हणून मुलं निदर्शनं करत होती, तिथल्या राखीव सैन्याने, म्हणजे नॅशनल गार्डने, १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. ४ विद्यार्थी गेले, ९ जखमी झाले. जॉन फिलो तुझ्यासारखाच फोटोग्राफी शिकणारा मुलगा. बंदुकांत खोटी काडतुसं आहेत असं त्याला आधी वाटलं होतं, लोखंडी शिल्पातून गोळी आरपार गेली तेव्हा कळलं. तरी तो थांबला आणि मृतदेहाशेजारी गुडघे टेकून आक्रोश करणाऱ्या मुलीचा फोटो त्याने घेतला. पुढच्या वर्षी त्याला पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

त्या रात्री तू फिलोबद्दल बोलत होतीस, माझ्या डोक्यात मात्र ती मुलगीच राहिली. मेरी अ‍ॅन व्हेकियो. विद्यार्थिनीसुद्धा नव्हती, फ्लोरिडातून घर सोडून आलेली, वय अवघं १४. तिचं नाव छापून आलं आणि शिव्यांनी भरलेली पत्रं घरी यायला लागली. तो फोटो तिला वर्षानुवर्षं छळत राहिला. फिलोलाही त्याचा सल होता. दोघं समोरासमोर भेटले ते थेट १९९५ मध्ये.

त्या फोटोत तिच्या डोक्यामागे कुंपणाचा खांब आहे, तो पुढे कुणीतरी रिटच करून काढून टाकला आणि तसाच फोटो काही मासिकांत छापून आला. लग्नाच्या फोटोतला खांब मीही शंभरदा काढलाय. बातमीच्या फोटोतला काढायचा नाही. म्हणून तुला सांगते, ते ओळखपत्र सॉफ्टवेअरने पुसू नकोस. एकदा पुसलंस की उरलेल्या ४२ फोटोंवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तिला शोध आणि विचार. नको म्हणाली तर तो फोटो बाहेर काढू नकोस. त्याच मिनिटाच्या आणखी दोन फ्रेम तुझ्याकडे आहेत, एकीत कार्ड उलटं झालंय.

तुझ्या जन्माआधी बाबांनी इथल्या कॉलेजच्या मोर्चाचा एक फोटो काढला होता. प्रिंट मीच केली. पुढच्या मुलाचा चेहरा अंधारात जात होता, म्हणून एन्लार्जरखाली हात फिरवून तेवढा उजळ केला. पेपरात छापून आला, आम्ही पेढे वाटले. आठ दिवसांत त्याच्या वडिलांनी त्याचं कॉलेज बंद करून त्याला शेतावर नेलं. दोनेक वर्षांनी तो पासपोर्ट फोटोसाठी दुकानात आला. स्टुलावर बसला, हनुवटी वर कर म्हटलं तशी केली, पैसे दिले आणि गेला. एक शब्द बोलला नाही. त्याला विचारायचं तेव्हा आम्हाला सुचलंच नव्हतं. ती निगेटिव्ह अजून बटर पेपरात गुंडाळून माझ्या कपाटात आहे, तू आलीस की दाखवेन.

मोर्चाला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. जा. फक्त कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड भरलं की लगेच कॉपी करून ठेव, आणि लाठीमार सुरू झाला की दुकानाच्या पायरीवर चढ, रस्त्याच्या मधोमध राहू नकोस.

शेंगाचटणी आणि दोन डबे चिवडा एसटीने पाठवतेय, स्वारगेटला उतरवून घे. त्या पहाटेच्या फोटोची मोठी प्रिंट मॅट पेपरवर काढून आण, दुकानात लावायची आहे. आणि ती मुलगी काय म्हणाली ते रात्री फोन करून सांग.

तुझी,
आई