सीमाभागातील संशोधनाला दरमहा बैठक हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यावर इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि भाषाशास्त्र या विषयांत आजवर अनेक प्रबंध लिहिले गेले. परंतु ज्या गावांविषयी ते आहेत तेथे ते पोहोचत नाहीत आणि एका विभागाचे काम शेजारच्या विभागालाही ठाऊक नसते. म्हणून सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांच्या अभ्यासकांची दरमहा भरणारी चर्चासत्रमाला बेळगावात सुरू व्हावी, अशी विनंती मी या पत्राद्वारे येथील महाविद्यालये, राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि ग्रंथालये यांना करीत आहे.

व्याख्यानमाला आपल्याकडे आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे, पण तेथे वक्ता सिद्ध झालेला विचार मांडतो व श्रोते ऐकतात. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या चर्चासत्रांची गोष्ट वेगळीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या निवड-बढतीसाठी निबंधवाचनाला गुण दिले आणि तेव्हापासून दहा-दहा मिनिटांची वाचने व प्रमाणपत्रे यांतच पुष्कळ ठिकाणी दिवस संपू लागला. मला अभिप्रेत असलेली बैठक याहून साधी आहे: एका वेळी एकच अभ्यासक, त्याचा अपुरा असला तरी प्रामाणिक मसुदा आठवडाभर आधी सर्वांच्या हाती, पाऊण तास मांडणी, दुसऱ्या विद्याशाखेतील एका जाणकाराचे भाष्य आणि नंतर किमान तासभर प्रश्नोत्तरे. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही नव्याने हाती आलेल्या कागदांवरील छोटी टिपणे सभांत वाचली जात व पुढे वार्षिक इतिवृत्तात छापली जात. मराठीतील इतिहाससंशोधन अशाच बैठकांतून वाढले.

सीमाभागाला अशा बैठकीची गरज अधिक आहे, कारण येथील कोणताही विषय एका भाषेत मावत नाही. खानापूर तालुक्यातील हळशी हे कदंब राजघराण्याच्या सत्तेचे एक केंद्र होते आणि तेथील ताम्रपट संस्कृतात आहेत. या परिसरातील मध्ययुगीन शिलालेख बहुतांशी जुन्या कन्नडात, तर पुढील काळातील वतनांचे व महसुलाचे कागद मोडीत आढळतात. हे तिन्ही एकट्याने वाचू शकणारा अभ्यासक विरळाच. मोडी वाचणारा बेळगावात, हळेगन्नड म्हणजे जुनी कन्नड जाणणारा धारवाडात, आणि दोघे एकमेकांचे लेखन पाहतही नाहीत, ही अभ्यासाची उघड हानी आहे. बैठकीत मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत बोलण्याची मुभा असावी आणि प्रत्येक मांडणीचा दोन पानी सारांश मराठी व कन्नड दोहोंत निघावा. सीमाप्रश्नाविषयी माझी मते ठाम आहेत, परंतु या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालावर देखील पुराव्यानिशी, आवाज न चढवता बोलता येईल अशी एक जागा या शहरात असावी, असे मला मनापासून वाटते.

निपाणीचे उदाहरण मला सतत आठवते. १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाकडे अर्थशास्त्राचा अभ्यासक भावाचा प्रश्न म्हणून पाहील. पण त्याच तंबाखूवर वखारीत आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांची दर हजार विड्यांमागची मजुरी, त्यांचे आरोग्य, त्यांची संघटना आणि जातीनुसार झालेली कामाची वाटणी यांचा विचार त्याच्या चौकटीत बसेलच असे नाही. तो प्रश्न समाजशास्त्राची किंवा स्त्री-अभ्यासाची विद्यार्थिनी समोरासमोर विचारील, तेव्हाच प्रबंध सुधारेल. त्या बैठकीला विडी कामगार स्त्रियांनाही बोलावले पाहिजे. आपल्याविषयी काय लिहिले गेले, हे ऐकण्याचा आणि ते खोडून काढण्याचा हक्क त्यांना आहे.

खर्च फारसा नाही. १८४८ पासून चालत आलेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेने महिन्यातून एक सायंकाळ सभागृह दिले आणि महाविद्यालयांनी आळीपाळीने संयोजन केले, तर एवढ्यावर काम भागेल. बाहेरगावहून येणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना प्रवासखर्च मात्र अवश्य द्यावा, कारण बैठकीची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. आपल्या वृत्तपत्रानेही दर महिन्याला विषयाची पूर्वसूचना आणि नंतर सारांश छापण्यास जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
टिळकवाडी, बेळगाव