मेजर ठरवायला मुलांना पहिलं वर्ष तरी द्या

संपादक महोदय,

नौपाड्यात आमचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की तिथे पाय ठेवायला जागा नसते. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी, मग प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म, डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर), सगळं मुलं आमच्याकडूनच करून घेतात. नाव, पत्ता, मार्क पटापट भरून होतात. घोडं अडतं ते मेजर, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयापाशी. ‘काकू, इथे काय टाकू?’ असं बारावी झालेलं मूल मला विचारतं. एकाने तर ‘ज्याची लिस्ट खाली येते ते टाका’ असं सांगितलं.

यंदा कळव्याची एक मुलगी आली होती. बारावी सायन्स, मार्क उत्तम. मानसशास्त्र घ्यावं की जीवशास्त्रातच राहावं, हे तिचं ठरत नव्हतं. फोनवर वडील घाई करत होते, मागे रांग होती. माउस यादीवर वर-खाली फिरवत ती बराच वेळ बसली आणि शेवटी मैत्रिणीने जे घेतलं तेच तिने घेतलं. पावती घेऊन निघाली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तिचं ठरलेलं नव्हतं यात तिचा काय दोष? दहावी होताच शाखा निवडायची, आणि त्या शाखेबाहेरचे विषय पुढे नजरेसही पडत नाहीत. जो विषय वर्गात बसून कधी ऐकलाच नाही, तो आवडतो की नाही हे कळणार कसं? अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत मुख्य विषय न ठरवताच प्रवेश घेता येतो आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत तो जाहीर केला तरी चालतो. मधल्या काळात विद्यार्थ्याला सल्लागार असतो. तिथल्या फीचं ओझं आपल्याला नको, पण ही मोकळीक इथेही देता येईल.

आपल्याकडे कागदावर तर वाट आहेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात दुसऱ्या सत्राच्या शेवटी मेजर बदलण्याची मागणी करता येते असं म्हटलं आहे. महाराष्ट्रात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मेजरखेरीजचा ऐच्छिक विषय, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा असतो, तोही अशाच मुलांच्या कामाचा आहे. पण प्रवेशाच्या खिडकीवर हे कोणी सांगत नाही. ओपन इलेक्टिव्हही तुकडीप्रमाणे वाटून टाकतात, निवडायला मिळत नाही, असं मुलं मला सांगतात. मग उरलं काय?

कॉलेजांची अडचण मला समजते. शिक्षकांचा वर्कलोड, तुकड्या, वेळापत्रक हे सगळं विषयवार विद्यार्थिसंख्येवर ठरतं, म्हणून त्यांना जूनमध्येच आकडा हवा असतो. मग फॉर्मवर तात्पुरता विषय घ्या, पण तो तात्पुरता आहे हे तिथेच स्पष्ट लिहा. विषय कधी बदलता येईल, कुठल्या विषयाला किती जागा राखल्या आहेत, कुठले पेपर जादा द्यावे लागतील, हे माहितीपत्रकात मराठीतून छापा. पहिल्या सत्रात मुलांना दुसऱ्या विभागाच्या तासांना बसू द्या आणि त्यांच्याशी बोलायला एक शिक्षक नेमून द्या. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे, कारण आज हा सल्ला मुलं झेरॉक्सच्या दुकानात मागतात.

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांनी पुढच्या प्रवेशाआधी एवढं करावं. आणि वर्षअखेरीस कोणी विषय बदलून मागितला, तर ‘जागा नाहीत’ असं तोंडी सांगून त्याला परत पाठवू नये. नकार द्यायचाच असेल तर कारणासह लेखी द्यावा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)