हांकरच्या आचे-लेंना पत्र

जुले आचे-ले (लडाखीत नमस्कार, ताई),

हे आभाराचं पत्र मराठीत लिहितेय, कारण मला मनातलं नीट असं मराठीतच लिहिता येतं, हिंदीत लिहायला बसले की बँकेला अर्ज केल्यासारखं वाटायला लागतं. तुमच्या चंदीगडला शिकणाऱ्या लेकीला यातलं सगळं हिंदीत बोलून व्हॉइस मेसेज पाठवणार आहे, ती सुट्टीत घरी आली की तुम्हाला ऐकवेल. आणि इथे सगळ्यांना दिसेल असं लिहितेय ते एवढ्यासाठी की आमच्या नाशिक-पुण्याकडून दर सीझनला ढिगाने लोक लडाखला येतात, मारखा व्हॅलीचा ट्रेक पण करतात, त्यांना कळू दे त्या वाटेवरच्या हांकर गावात कोण राहतं ते.

माझा भाचा तुम्हाला आठवत असेलच, तो उंच, दाढीवाला, सारखा घड्याळात स्टेप्स बघणारा. आमच्या घरातला सगळ्यात फिट माणूस तो. कळसूबाई म्हणजे आमच्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, ते हा पोरगा सकाळी नाश्त्याआधी चढून येणाऱ्यांतला. हरिहरच्या पायऱ्या काय, साल्हेर काय, पावसाळ्यात मॅरेथॉन काय. आणि मी पन्नाशीला टेकलेली त्याची मावशी, गुडघ्याला नीकॅप लावून हळूहळू चालणारी. त्यामुळे घरून निघताना सगळ्यांनी त्यालाच बजावलं होतं, मावशीकडे लक्ष ठेव रे.

लेहला ३५०० मीटरवर थांबून झालं होतं, मग गाडीने चिलिंग, तिथून पुढे स्क्यू, सारा, मारखा. स्क्यू तर लेहपेक्षा थोडं खालीच आहे, म्हणून पहिले दिवस फार मजेत जातात. नदीकाठाने चालायचं, सकाळी सकाळी पाणी कमी असताना बूट गळ्यात अडकवून नदी पार करायची कारण दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं, मध्येच कुठेतरी पॅराशूटच्या कापडाच्या तंबूत चहा नि मॅगी, समोरच्या कड्यावर भरल म्हणजे तुमच्या त्या निळसर मेंढ्या. भाचा सगळ्यांच्या पुढे. मी आणि घोडेवाले भाऊ मागून. मारखा गाव सोडलं, ती कड्याच्या टोकावरची टाचा गोम्पा म्हणजे बौद्ध मठ झाला, उमलुंग झालं, संध्याकाळी हांकर. साधारण चार हजार मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठेक टक्के. हे सगळं मी वाचून आले होते हो, पण वाचलेलं तिथे किती उपयोगी पडतं ते सांगते पुढे.

तुमचं स्वयंपाकघर मला फार आवडलं होतं. ती मधली नक्षीदार चूल, भिंतभर फळ्यांवर मांडलेली पितळेची नि तांब्याची भांडी, बसायला गालिचे, पुढ्यात बुटकी टेबलं. तुम्ही म्हणालात की ही मोठी भांडी चिलिंगच्या कारागिरांनी केलेली, सासूच्या वेळची. मी फोटो काढत बसले होते. भाच्याच्या बोटाला ते ऑक्सिमीटर लावलेलं, आकडा बरा येत होता, तो पण म्हणाला मस्त आहे मी. आम्ही दोघं त्या आकड्यावर खूश.

तुम्ही त्या डबीकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्ही त्याची वाटी बघितलीत. स्क्यू वाढलं होतं तुम्ही, गाव नव्हे, तो पदार्थ, ते गव्हाच्या पिठाचे तुकडे भाज्यांच्या रश्शात शिजवलेलं, त्याने वरवर चार चमचे घेतले आणि बाकीचं वाटीत फिरवत बसला. चहा पण तसाच. दिवसभर चाललेला चोवीस वर्षांचा मुलगा दुसऱ्यांदा वाढून घेत नाही म्हटल्यावर तुम्ही सरळ विचारलंत, "सर दुखता है?" तर हा नाही म्हणाला. तुम्ही परत विचारलंत. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा म्हणाला थोडंसं, दुपारपासून. आणि मळमळतंय. मला, सख्ख्या मावशीला, दिवसभर पत्ता लागू दिला नव्हता त्याने!

आता खरं तर विरळ हवेचा त्रास कोणाला होईल ते वय, व्यायाम, छाती किती रुंद यावर ठरतच नाही. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो आणि तो ज्याचा त्याचा वेगळा. उलट फिट माणसं भराभर चढतात, बोलून दाखवत नाहीत, म्हणून जास्त अडकतात असं माझं मत झालंय. पहिली लक्षणं अगदी साधी असतात, डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं, उलटीसारखं वाटणं. आणि नियम पण साधा आहे की त्रास होत असताना वर जायचं नाही, आणि वाढला तर खाली उतरायचं, मग रात्र असो की काही असो. पण तो नियम पाळायचा म्हणजे कोणीतरी तोंडावर नाही म्हणावं लागतं, आणि ते आमच्याकडच्या ग्रुपात कोणी म्हणत नाही. पैसे भरलेले असतात, रजा मोजून घेतलेली असते, परतीचं विमान बुक असतं.

आमचंही तसंच होतं. लेहच्या एजंटने दिलेल्या कागदावर हांकरनंतरच्या दिवसासमोर छापलेलं होतं, हांकर ते निमालिंग. म्हणजे चार हजारावरून एकदम चार हजार सातशेच्या पुढे झोपायला. तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सगळीकडे सांगतात, आणि इथे एका दिवसात सातशे! घोडेवाल्या भाऊंना पण ठरलेल्या तारखेला शांग सुमदोला, म्हणजे ट्रेक संपतो तिथे, पोचून पुढचा ग्रुप घ्यायचा होता, त्यांचीही रोजीरोटी, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ते सकाळी घोड्यांवर सामान चढवत होते आणि तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, "आज नहीं जाएगा." मला वाटलं विचारताय. विचारत नव्हतात. मग तुम्ही भाऊंशी लडाखीत काय बोललात देव जाणे, दोन मिनिटंसुद्धा नसतील, पण तो माणूस एक शब्द न बोलता दोऱ्या सोडायला लागला. तेवढं काय बोललात ते मात्र मला कधीतरी सांगा, मला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये वापरायचंय.

पण आभार नुसते त्या नाही म्हणण्याचे नाहीत. त्यानंतरचं सगळं मला नंतर कळलं, थोडं लेकीकडून, थोडं तुमच्या जावेकडून.

एक म्हणजे घोडा. आदल्या रात्री भाच्याचं ऐकल्यावर तुम्ही दिराला सांगून त्यांचा घोडा वर चरायला न सोडता तुमच्या अंगणात बांधून ठेवायला लावलात, खोगीर दाराशी. म्हणजे पोराचं डोकं दुखणं वाढलं, चालताना झोकांड्या जायला लागल्या, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्रीच्या रात्री त्याला मारखाकडे खाली उतरवता यावं. मी रात्री दोनदा उठून त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावलं, तेव्हा दोन्ही वेळा तुम्ही टॉर्च घेऊन दारात उभ्या होतात, मला वाटलं माझ्या आवाजाने जाग आली. आणि त्या बांधलेल्या घोड्याला तुम्ही लसूणघास घातलीत, गच्चीवर हिवाळ्यासाठी वाळत टाकलेली. आमच्याकडे चारा संपला तर बाजारात मिळतो. तुमच्याकडे गच्चीवर जेवढा रचला तेवढ्यावर जनावरांचा अख्खा हिवाळा काढायचा असतो हे तुमच्या जावेने सांगितलं तेव्हा मला काय बोलावं सुचेना. आम्ही होतो तितके दिवस तो घोडा तुमच्या दारात बसून हिवाळ्याचं खात होता.

दुसरं म्हणजे पाळी. तुमच्या गावात होमस्टेची पाळी असते, आलेला पाहुणा घरोघर क्रमाने वाटला जातो म्हणजे एकाच घराची चांदी होत नाही, ही मला फार शहाणपणाची पद्धत वाटते. हे होमस्टे पसरले त्यातला एक विचार बिबट्यासाठीचा होता असं मी वाचलं होतं, हिमबिबट्या गोठ्यात शिरून मेंढ्या मारायचा, लोक चिडून त्याला मारायचे, तर तो जिवंत राहण्यात गावाचाही फायदा व्हावा, हेमिस नॅशनल पार्कातल्या गावांना पाहुण्यांचे पैसे मिळावेत, गोठ्यांवर जाळी बसावी. तर त्या हिशोबात आम्ही जास्त राहिलो ते तुमच्याच खात्यावर धरलं गेलं आणि मागून आलेला मोठा परदेशी ग्रुप तुम्ही शेजारी पाठवून दिलात. वर ऐन जवाच्या काढणीचे दिवस. तुम्ही शेतातून मध्येच येऊन त्याला गरम पाणी, पातळ थुक्पा, लसणाचं सूप देऊन परत शेतात. आणि पैसे द्यायला गेले तर म्हणे त्याचे जेवणाचे नको, "खाया कहाँ?" आपण दोघी किती भांडलो आठवतंय ना! शेवटी मी ते तुमच्या चहाच्या डब्याखाली ठेवून आले. सापडले असतील. नसतील तर बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने स्वतःहून बटाटे मागितले, मीठ लावून सहा खाल्ले, आणि संध्याकाळी गच्चीवर तुमच्या सासऱ्यांशेजारी बसून वाळत घातलेल्या छुरप्याची, म्हणजे तुमच्या त्या सुक्या चीजची, राखण करत होता. भाषा एक नाही, पण दोघांचं छान चाललेलं. डोकं दुखायचं पूर्ण थांबल्यावर पण तुम्ही लगेच सोडलं नाहीत. आणि सोडलंत तेव्हा सुद्धा मध्ये थाचुंगत्सेला मुक्काम करा असं बजावून, म्हणजे निमालिंगचा चढ दोन भागांत होईल. इतकं सोपं उत्तर, फक्त एक मुक्काम वाढवायचा. जे कोणी हे वाचून मारखाला जाणार असतील त्यांनी एजंटकडून थाचुंगत्सेचा मुक्काम मागून घ्या, देत नसेल तर दुसरा एजंट बघा.

पुढचं सगळं छान झालं. निमालिंगच्या पठारावर मेंढ्याच मेंढ्या, समोर कांग यात्सेचा डोंगर इतका जवळ की मान वर करून बघायला लागतं, पहाटे तंबूवर बर्फाचा पापुद्रा. कोंगमारू ला ही खिंड पाच हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच, आणि भाचा माझ्या मागून चालत होता. मागून! दहा पावलं आणि थांबणं, दहा पावलं आणि थांबणं, कुणी सांगायची गरज पडली नाही. खिंडीत पताकांपाशी पोचल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल तर डबा उघडून तुमची ती जाड लडाखी रोटी, खंबीर, खाल्ली, जी तुम्ही थाचुंगत्सेला जाणाऱ्या तुमच्या पुतण्याच्या हाती मागून पाठवली होती. कडक झाली होती, जबडा दुखला आमचा, पण सगळी संपवली.

त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, आम्ही घरी येईपर्यंत काही सांगितलं नव्हतं. आता सगळं माहितीये. तिने तुमच्यासाठी पैठणीच्या काठाची शाल घेतलीये, मी म्हटलं अगं तिकडे उणे वीसमध्ये ही काय कामाची, तर म्हणे गोम्पात सणाला नेसतील. नेसतील काय, पांघरतील. असो, ती येईल.

आणि तुमचा कुकर. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ दिवसभर ठेवली तरी दाताला लागते, त्यामुळे तुमच्या घरात कुकर म्हणजे चैन नाही हे मला तिथे राहून कळलं. आणि तुमच्या मोठ्या कुकरची रिंग पार सैल झालेली, झाकणाला ओलं फडकं गुंडाळून तुम्ही शिटी काढत होतात. मी तेव्हाच दोऱ्याने माप घेतलंय, तो दोरा माझ्या पर्समध्ये आहे. इथल्या भांडेवाल्याकडे त्या मापाच्या दोन रिंगा काढून ठेवल्यात, एक शिटी आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह पण. भाचा जूनमध्ये मित्रांना घेऊन परत येतोय, या वेळी थाचुंगत्सेचा मुक्काम त्यानेच कागदावर लिहून घेतलाय, त्याच्या हातीच पाठवते. फक्त भांडेवाला विचारतोय झाकण आतून बसतं की बाहेरून, दोन्हींच्या रिंगा वेगळ्या असतात म्हणे. तर लेकीला सांगून कुकरचा झाकण लावलेला एक फोटो पाठवायला सांगा, नेटवर्क मिळेल तेव्हा, घाई नाही, पण मेच्या आत.

सासऱ्यांना, जावेला, दिरांना जुले. आणि त्या घोड्याला पण.

तुमची,
नाशिकची मावशी