विषय: चुकीच्या निदान कोडच्या आधारे रेडिओथेरपीचा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

या पत्राचे उत्तर कृपया लेखी द्यावे, फोन करू नये. माझे संपूर्ण स्वरयंत्र जानेवारीत शस्त्रक्रियेने काढले आहे आणि त्या शस्त्रक्रियेचे बिल आपणच कॅशलेसमध्ये चुकते केले आहे. तरीही माझी आधीची ऑनलाइन तक्रार 'ग्राहकाने फोनवर प्रतिसाद दिला नाही' असा शेरा मारून बंद करण्यात आली. पत्नीने फोन घेतला, तेव्हा पडताळणीसाठी पॉलिसीधारकानेच बोलले पाहिजे, असे तिला ऐकवण्यात आले.

मूळ तक्रार अशी. शस्त्रक्रियेनंतरच्या रेडिओथेरपीचा दावा आपल्या टीपीएने (आपल्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने) 'पूर्वीचा कर्करोग, प्रस्ताव अर्जात जाहीर केलेला नाही' या कारणाने नाकारला. माझी पॉलिसी २०१६ पासून एकदाही खंड न पडता चालू आहे. आवाज बसला म्हणून मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पहिल्यांदा गेलो तो गेल्या दिवाळीनंतर. मग पॉलिसीच्या आधीचा हा कर्करोग आला कोठून? माझी नोकरी पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत झाली. नोंद कुठे फिरली ते कागद लावून पाहिले की सापडते, आणि इथेही ते सापडले.

बायॉप्सीचा अहवाल स्वरयंत्राच्या वरच्या भागातला, म्हणजे सुप्राग्लॉटिसचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग, सांगतो. सीटी स्कॅनमध्ये गाठ थायरॉइड कूर्चा भेदून बाहेर गेलेली दिसते, म्हणून टप्पा टी४ए, म्हणजे पुढे गेलेला. शस्त्रक्रियेच्या पूर्वमंजुरी अर्जात आयसीडी-१० चा (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा) कोड सी३२.१, म्हणजे सुप्राग्लॉटिसचा कर्करोग, होता, आणि तोच बरोबर आहे. पण त्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर घाईत नुसते 'सीए थ्रोट' (घशाचा कर्करोग) लिहिले गेले. टीपीएने त्यावरून आपल्या संगणकात सी१४.० भरले. हा कोड घशाच्या, म्हणजे फॅरिंक्सच्या, नेमकी जागा न सांगितलेल्या कर्करोगाचा आहे. बायॉप्सीत जागा स्पष्ट असताना तो लावण्याचे काहीच कारण नव्हते. पुढे रेडिओथेरपी दुसऱ्या रुग्णालयात झाली. तिथल्या डॉक्टरांनी 'नोन केस ऑफ सीए लॅरिंक्स, ऑपरेटेड' (स्वरयंत्राच्या कर्करोगाचा निदान झालेला, शस्त्रक्रिया झालेला रुग्ण) असे लिहिले, आणि बिलिंग डेस्कने त्याचा अर्थ 'पूर्वी होऊन गेलेला आजार' असा घेऊन झेड८५.२ हा जुन्या, संपलेल्या कर्करोगाचा कोड टाकला. थोडक्यात, काही महिन्यांत आपल्या दप्तरी माझ्या नावावर दोन वेगवेगळे कर्करोग आणि एक जुना, संपलेला कर्करोग जमा झाला. प्रत्यक्षात गाठ एकच.

झेड८५ केव्हा लावायचा, याबद्दल वाद नाही. मूळ गाठ काढली, तिच्यावरचा सगळा उपचार संपला आणि आजार उरल्याची खूण नाही, तेव्हा. माझा उपचार संपलेला नव्हता. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानेतल्या लसीका गाठींपैकी एकीत कर्करोग सापडला. तो पॅथॉलॉजी अहवाल आणि मूळ गाठीचा टप्पा पाहून ट्यूमर बोर्डाने (कर्करोगतज्ज्ञांच्या समितीने) ६० ग्रे इतकी किरणांची मात्रा, ३० शेकांत, म्हणजे रेडिओथेरपीच्या सत्रांत, असा सल्ला लेखी दिला. हे शेक त्याच कर्करोगासाठी होते, त्यामुळे अर्जात सी३२.१ कायम राहून सोबत मानेतल्या लसीका गाठीसाठी सी७७.० आणि रेडिओथेरपीच्या सत्रासाठी झेड५१.० यायला हवे होते. स्वरयंत्र काढलेले असल्याचाही एक कोड आहे, झेड९०.०. तो तरी कोणी वाचला असता तर कदाचित मला फोन आले नसते.

बिलिंग डेस्कची चूक रुग्णालयाने मान्य केली आणि डॉक्टरांच्या सहीचे दुरुस्तीपत्र पाठवले. ते आल्यावर तरी प्रकरण मिटायला हवे होते. टीपीएचे उत्तर आले: 'दाव्यानंतर बदललेला निदान कोड ग्राह्य धरता येत नाही.' निदान बदललेले नाही, महोदय. चुकीचा कोड दुरुस्त झाला आहे. आपल्या वैद्यकीय पॅनलने बायॉप्सीचा कागद उघडला असता तर दुरुस्तीपत्राचीही गरज पडली नसती. तोच कागद पाहून त्यांनी जानेवारीत शस्त्रक्रियेला मंजुरी दिली होती! कर्करोग पॉलिसीच्या आधीचा होता, तर ते बिल कशाच्या आधारावर दिले?

नियमांचेही सांगतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. माझी ती मुदत केव्हाच उलटली आहे, आणि आपल्या पत्रात फसवणुकीचा शब्दही नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारण्याआधी कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो. मला आलेल्या पत्रात समितीचा उल्लेख नाही, अटीचा क्रमांकही नाही. खाली सही टीपीएच्या कार्यकारी अधिकाऱ्याची.

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावेत, असे डॉक्टरांनी बजावले होते. आपल्या मंजुरीची वाट बघत बसणे शक्य नव्हते. मुदतठेव मोडून पैसे भरले. ती ठेव कशासाठी होती, ते इथे लिहीत नाही.

माझी मागणी आहे की रेडिओथेरपीची पूर्ण रक्कम विलंबाच्या व्याजासह, म्हणजे बँक दर अधिक २ टक्क्यांनी, माझ्या खात्यात जमा करावी. पैशांइतकीच दुसरी मागणी महत्त्वाची आहे. आपल्या नोंदीतून सी१४.० आणि झेड८५.२ काढून सर्वत्र सी३२.१ करावे, आणि 'माहिती लपवली' हा शेरा पुसून तसे लेखी कळवावे. तो शेरा राहिला, तर पुढच्या नूतनीकरणाला किंवा पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेताना तोच पुढे केला जाईल. समितीने हे प्रकरण पाहिले असेल तर तिच्या निर्णयाची प्रत द्यावी, नसेल तर तेही लिहावे.

बायॉप्सी, सीटी स्कॅन, शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी अहवाल, ट्यूमर बोर्डाचा सल्ला, रुग्णालयाचे दुरुस्तीपत्र आणि जानेवारीतल्या आपल्याच मंजुरीपत्राची प्रत सोबत जोडली आहे. हीच तक्रार आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' या तक्रार पोर्टलवरही नोंदवत आहे. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन.

आपला,
पॉलिसीधारक
सांगली