घर घेतलंय, रागावू नका

नव्ह-शापेल (फ्रान्स),
१२ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईने आधी माझ्या खोकल्याची चौकशी केली आणि मग ते राहूनच गेलं. म्हणून लिहिते. आम्ही घर घेतलं. भाड्याचं नाही, विकत. मागच्या महिन्यात सह्या झाल्या. लील शहरात नाही, तिथून गाडीने साधारण अर्ध्या-पाऊण तासावरच्या नव्ह-शापेल या खेड्यात.

बाबा, नाव वाचून तुम्ही चष्मा काढून पुसला असेल. हो, तेच गाव, पणजोबा जिथे लढले.

दोन वर्षांत परत येते म्हणून निघाले होते, त्याला सात वर्षं झाली. तुम्ही एकदाही टोकलं नाहीत, त्याचंच जास्त लागतं. पण लीलमधल्या दोन खोल्यांत तुम्हाला सहा महिने कसं ठेवणार? तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाबांचा गुडघा. इथे खाली एक मोठी खोली आहे, लागूनच न्हाणीघर. संडासात पाण्याचा पाइप बसवून घेतला, भिंतीला धरायला दांडा लावला. गरम पाणी दिवसभर असतं. तूरडाळ, पोहे, गूळ लीलला मिळतं. ला बासेचं स्टेशन गाडीने दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे जावयांची नोकरी तीच राहिली. नोकरी सुटली का, असं आई विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं.

गाव हजार-दीड हजार वस्तीचं आणि पोळपाटासारखं सपाट. पूर्वेला ओबेरची टेकडी म्हणतात, पण आपण तिला चढसुद्धा म्हणणार नाही. गहू, बटाटा, मका, बीट. सध्या बिटाची काढणी चालू आहे. शेताच्या कडेला पुरुषभर उंचीचे ढीग लागलेत, ट्रक भरून साखर कारखान्याला जातात, रस्ताभर चिखल. आईच्या माहेरचा उसाचा हंगाम आठवतो. जमीन चिकण मातीची, दोन-तीन फूट खणलं की पाणी लागतं. म्हणून प्रत्येक शेताला चर, आणि चराच्या कडेने छाटलेली वाळुंजाची झाडं.

परवा परसात लसणासाठी वाफा खणत होते. खड्डा गुडघ्याएवढाही झाला नव्हता, तळाला गढूळ पाणी झिरपायला लागलं. तिथेच खाली बसले. बाबा, पणजोबांच्या पायाची दोन बोटं कशी गेली ते तुम्ही मला किती वेळा सांगितलंत, पण ते कळलं त्या खड्ड्यापाशी. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, इथे खंदक खणले की असेच भरायचे. शेवटी खणणं सोडून पोत्यांच्या आणि मातीच्या भिंती जमिनीवर रचाव्या लागल्या. त्याआधी, २८ ऑक्टोबर १९१४ ला, आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर जर्मनांनी घेतलेल्या या गावात शिरल्या. घराघरांतून लढून बरंचसं गाव घेतलं, पण मागून कुमक आली नाही आणि परतावं लागलं. ज्यांचं काम पूल बांधायचं आणि सुरुंग लावायचं, त्यांना संगिनी लावून पुढे धाडलं, हे मला आजही पटत नाही.

पुढच्या मार्चच्या १० तारखेला ३५ मिनिटं तोफा चालल्या आणि गाव हाती आलं. पण लढाई त्यापुढे सरकली नाही. तीन दिवसांत हिंदी फौजेचीच मेलेली नि जखमी मिळून सुमारे ४२०० माणसं गेली. १९१८ च्या एप्रिलमध्ये जर्मन पुन्हा इथून पुढे आले. आताचं गाव त्यानंतर उभं राहिलेलं, लाल विटांचं. आपलं घरही त्यातलंच.

काल सुट्टी होती, पिल्लाला घेऊन हिंदी सैनिकांच्या स्मारकावर गेले. १९२७ चं आहे. मध्ये पन्नासएक फुटांचा स्तंभ, पायथ्याशी दोन वाघ, छत्र्या आणि दगडी जाळीची गोल भिंत. ४७०० हून जास्त नावं आहेत, ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची. पलीकडे पोर्तुगीज सैनिकांचं कबरस्तान. सॅपर्सच्या नावांवरून मी बोट फिरवत गेले. पणजोबांचं नाव तिथे नाही, ते परत आले म्हणून तर आपण आहोत, पण मला रडू आलं. पिल्लू म्हणालं, आजोबांना दाखवू या.

आई, बाबांच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीचा भोंगा वाजला की तू तवा चढवायचीस. बाबा दाराशी सायकल लावेपर्यंत पहिली पोळी माझ्या ताटात पडायची, तुपाची, आणि तू म्हणायचीस, बाबांना सांगू नकोस. इथे दुपारी चर्चची घंटा वाजली की मला अजून भूक लागते.

आता ऐका. बीपीच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत. आईने स्टुलावर चढून माळा काढायचा नाही, शेजारच्या मुलाला हाक मारायची. गुडघ्याच्या डॉक्टरांना याच महिन्यात दाखवायचं. व्हिसाचे कागद मी करते, तुम्ही फक्त सह्या करा. मे महिन्यात यायचं, थंडी सरलेली असते. खडकीचं घर विकायचा विषय मी काढलेला नाही आणि काढणारही नाही. करमलं नाही तर एका महिन्यात परत जा, मी अडवणार नाही.

येताना ट्रंकेतलं पणजोबांचं पदक आणा. बॅगेत नको, बाबांच्या खिशात.

तुमची,
ठमी

ता. क. बाबा, शेजारच्या शेतात नांगराला जुना तोफगोळा लागला. इथे हे नेहमीचंच. शेतकरी कळवतात आणि सरकारी माणसं येऊन घेऊन जातात. मी लांबच उभी होते, हात लावला नाही, तुमची शपथ. दुरून फोटो काढलाय, दादाच्या फोनवर पाठवते. गंजामुळे आकडे दिसत नाहीत, पण पुढचा पितळी भाग शाबूत आहे. गोळा फोडणारा तो फ्यूज कुठला ते तुम्हीच ओळखाल.